मुरलेलं आणि शिळं

रात्री उरलेला भात सकाळी शिळा होतो आणि वैशाखात घातलेलं लोणचं दिवाळीपर्यंत मुरतं. काळ दोघांवरून सारखाच गेला, तरी एकाला आपण उणा शब्द लावतो आणि दुसऱ्याला कौतुकाचा. हा कौतुकाचा शब्द आपण माणसांनाही लावतो. मुरलेला गवई, मुरलेला राजकारणी असं म्हणताना त्यांनी वर्षं नुसती काढली नाहीत, वर्षांनी त्यांच्यात काहीतरी केलं, असं आपल्याला सुचवायचं असतं. या दोन शब्दांची गल्लत मराठी घरातलं लहान मूलही करत नाही. पण एकावर काळ चढतो आणि दुसऱ्याला काळ खातो तो कशामुळे, असं विचारलं तर मोठ्यांनाही पटकन उत्तर देता येणार नाही. याच्याच शेजारी दुसरा एक प्रश्न उभा आहे आणि तो धर्माचा आहे. उद्याची चिंता करू नका, संग्रह करू नका, असं ज्या परंपरांनी शतकानुशतकं सांगितलं, त्याच परंपरांतल्या घरांनी उन्हाळाभर पापड लाटले, सांडगे घातले, कुरडया वाळवल्या, चिंचेचे मीठ लावलेले गोळे मडक्यांत भरले. ही नेहमीची विसंगती म्हणून सोडून द्यायची, की घरांना असं काही कळलं होतं जे उपदेशाला नेमकं मांडता आलं नाही? माझ्या मते हे दोन्ही प्रश्न मुळात एकच आहेत आणि त्यांचं उत्तर बरणीत आहे.

आधी फिर्यादीची बाजू ऐकू, कारण ती कच्ची नाही. गीतेच्या सतराव्या अध्यायात आहाराचे तीन प्रकार सांगितले आहेत. फार आंबट, फार खारट, फार तिखट ते राजस; प्रहर उलटून गेलेलं, रस गेलेलं, शिळं ते तामस. या मोजपट्टीवर लोणच्याची पंचाईतच होते. चवीने ते राजसांत जातं आणि वयाने तामसांत. संग्रहाविषयीही ग्रंथ असेच कडक आहेत. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत आपले चोवीस गुरू सांगतो, त्यांत मधमाशी आहे. तिच्याकडून तो काय शिकला? भिक्षेकऱ्याने संध्याकाळसाठी किंवा उद्यासाठी राखून ठेवू नये, नाहीतर साठवणाऱ्या माशीसारखा तो साठ्यासकट नाश पावतो. या स्कंधावर एकनाथांनी केलेली टीका, म्हणजे एकनाथी भागवत, 1573 साली काशीत पुरी झाली आणि तिथून हा अवधूत मराठी घरांत आला. ज्या माजघरांत तिचं वाचन चाललं, त्यांच्या फळीवर लोणच्याच्या बरण्या असणारच. मनुस्मृतीत तर गृहस्थ ब्राह्मणाच्या साठ्याची उतरंडच आहे: कोठारभर धान्य ठेवणारा, घडाभर ठेवणारा, तीन दिवसांपुरतं ठेवणारा आणि उद्यासाठी काहीच न ठेवणारा. यांत पुढचा पुढचा श्रेष्ठ. म्हणजे फळी जितकी रिकामी, तितका माणूस वरच्या पायरीवर.

पण ग्रंथ नुसता नियमासाठी वाचू नये, अपवादांसाठी वाचावा; नियमामागचं खरं कारण बहुधा अपवादात सापडतं. मनुस्मृतीचा दाखला मी प्रमाण म्हणून देत नाही. 25 डिसेंबर 1927 ला महाडला तिची होळी झाल्यानंतर या महाराष्ट्रात तो तसा देता येऊही नये. पण जुना समाज काय खात होता आणि कशाला बिचकत होता, याची साक्ष म्हणून ती वाचता येते. तिच्या पाचव्या अध्यायात आंबलेलं वर्ज्य आहे आणि लगेच पुढे दही सोडलं आहे, दह्यापासून झालेलं सोडलं आहे, फुलं-मुळं-फळं यांच्यापासून आंबवून केलेले चांगले पदार्थही सोडले आहेत. शिळं वर्ज्य आहे, पण तुपातेलाने युक्त असेल तर शिळंही चालतं. आयुर्वेद तर याच्याही पुढे जातो. नवं धान्य जड, वर्षभराचं जुनं हलकं. जुना गूळ बरा. जुनं तूप हे औषध. श्वेतांबर जैनांच्या बावीस अभक्ष्यांत लोणच्याचं नाव आहे खरं, पण त्यांचा आक्षेप ओलाव्यावर आहे: ओलसर राहिलेलं, जीव पडेल असं लोणचं त्याज्य, ऊन देऊन पुरतं कोरडं केलेलं ग्राह्य. हे सगळे दाखले एकत्र ठेवले की दिसतं, की ‘शिळं’ ही तक्रार वयाबद्दल नव्हतीच. किती दिवस झाले यापेक्षा त्या दिवसांत पदार्थाची कोणी काय काळजी घेतली होती, हे विचारलं जात होतं. (आणि ज्या शितळासप्तमीला चूल न पेटवता आदल्या दिवशीचं अन्न देवीला दाखवून खातात, त्या दिवशी शिळंही व्रताचं होतं. तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.)

बरणीत नेमकं होतं काय, हे इथे सावकाश पाहायला हवं. कैरी धुऊन, पुसून, पंख्याखाली किंवा सावलीत सुकवून तिच्या फोडी करतात. मीठ आणि हळद लावून ठेवल्या की काही तासांत खार सुटतो, म्हणजे फोडींतलं पाणी मिठाच्या ओढीने बाहेर येतं. लोणचं हा शब्दच लवणातून आलेला आहे. मिठाचं काम चवीच्या आधीचं आहे: ते पाणी धरून ठेवतं. खार बरणीत डोळ्यांना दिसतो, पण जंतूंच्या वाट्याला येत नाही. पाणी असून नसल्यासारखं होतं. अन्नशास्त्रात याला जलसक्रियता म्हणतात. शुद्ध पाण्याची 1 धरली, तर ती 0.91 च्या खाली गेल्यावर अन्न नासवणारे बहुतेक जिवाणू वाढू शकत नाहीत आणि 0.85 च्या खाली गेल्यावर अन्नविषबाधा करणारे जिवाणूही जवळजवळ थांबतात. मुरंब्यात हेच काम साखर करते, पापड-कुरडईत ऊन करतं. त्यात कैरीचा आंबटपणा. सामू 4.6 च्या खाली असला की बॉट्युलिझमचा जिवाणू वाढत नाही. फेसलेल्या मोहरीचा झणका हाही जंतूंना सोसत नाही. कडकडीत तापवून पूर्ण गार केलेलं तेल वर येऊन हवा अडवतं. म्हणून तर फोडी तेलाबाहेर डोकावल्या की नेमका तिथेच बुरा चढतो. भरण्याआधी निखाऱ्यावर हिंग टाकून बरणी त्यावर उपडी धरायची, तोंडाला दादरा बांधायचा, ओला चमचा घालायचा नाही. ही सगळी मांडणी पाण्याभोवती आहे. टिकायचं असेल तर आत जे सहज वाहतं ते आवरावं लागतं. साधनेच्या भाषेत यालाच निग्रह म्हणतात. हा शब्द मी अलंकार म्हणून वापरत नाही. उन्हात वाळणं, मिठाने आवरणं, अंधारात वाट पाहणं या क्रिया आधी कैरीवर आणि मिरचीवर झाल्या, आणि तपाविषयी बोलताना माणसांना त्याच आठवल्या, असं म्हणायला जागा आहे.

मग मुरलेल्यात आणि शिळ्यात फरक कुठे पडतो? शिळा होणारा भात हा आपण उद्याही असाच राहू अशा समजुतीत झाकून ठेवलेला असतो. खरं तर त्याचा कोणी विचारच केलेला नसतो. लोणचं घालणारीला मात्र पहिल्या क्षणापासून माहीत असतं की कैरी नासणार आहे. हे नासणं तिने गृहीत धरलेलं असतं आणि तिचं पुढचं प्रत्येक पाऊल त्या कबुलीतून पडतं. माझा मुद्दा एवढाच आहे: साठवण ही नाशिवंतपणाची कबुली आहे, आणि धर्माने ज्याला परिग्रह म्हणून नाकारलं तो त्याच नाशिवंतपणाचा नकार आहे. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, कारण दोन्हींत वस्तू राखून ठेवलेली असते. घरगुती युक्त्यांची जुनी शिदोरी या नजरेने पाहिली तर तीत अमरत्वाचा दावा कुठेच दिसत नाही. कडधान्याला राख चोळायची, म्हणजे दाण्यांमधल्या फटी बुजतात आणि किडीच्या अंगातला ओलावा निघून जातो. तुरीला एरंडेलाचा हात लावायचा, म्हणजे भुंग्याच्या अंड्यांना हवा मिळत नाही. गव्हात कडुनिंबाचा पाला, डाळीत सुक्या मिरच्या. प्रत्येक युक्तीची मुदत ठरलेली असते, आणि मुदत संपली की पुन्हा ऊन द्यायचं, पुन्हा पाखडायचं. सगळ्याच युक्त्या शहाण्या होत्या असं नाही. धान्यात पाऱ्याच्या गोळ्या टाकण्याची चाल कित्येक घरांत होती आणि ती सरळसरळ विषाशी खेळ होती. जुनं म्हणून सोनं, हा माझा मुद्दा नाही.

कबुली आणि नकार यांतला फरक ताणून दाखवणारी एक घटना बौद्ध परंपरेत जपलेली आहे. बुद्धाच्या महापरिनिर्वाणानंतर सुमारे शंभर वर्षांनी वैशालीला दुसरी संगीती भरली. वज्जी भिक्षूंनी आपल्यासाठी दहा सवलती घेतल्या होत्या आणि त्या चालतात की नाही, यावर वाद होता. यादीतली पहिली सवलत अशी, की शिंगात मीठ भरून जवळ ठेवावं आणि अळणी भिक्षा मिळाली तर वापरावं. यादीतली शेवटची, सोनं-रुपं स्वीकारण्याची. दहाही नाकारल्या गेल्या. विनयाचे नियम आंधळे नव्हते: तूप, लोणी, तेल, मध, काकवी ही औषधं सात दिवस ठेवायला मुभा होती आणि मीठ औषध म्हणून तर आयुष्यभर ठेवता येत होतं. जेवणासाठी राखलेलं चिमूटभर मीठ मात्र चालत नव्हतं, कारण त्यात उद्याच्या जेवणाची वासना होती. हा कडकपणा मला भावतो. तरी ही यादी वाचताना एक शंका मनातून जात नाही. चिमूटभर मीठ आणि सोनं एकाच यादीत बसवलं, तर पुढे लक्ष कोणावर राहणार? याचं उत्तर नाशिकच्या लेण्यांत खोदलेलं आहे. नहपानाचा जावई उषवदात याने तिथे लेणं दिलं आणि संघासाठी 3000 कार्षापणांची अक्षयनीवी, म्हणजे कधी न संपणारी ठेव, कोष्ट्यांच्या श्रेणींकडे ठेवली: 2000 महिना शेकडा एक दराने, 1000 पाऊण दराने. पहिल्या रकमेच्या वर्षाच्या 240 व्याजातून वर्षावासातल्या 20 भिक्षूंना प्रत्येकी 12 कार्षापण चीवरासाठी. हिशोब तंतोतंत जुळतो. ही सोय वाईट होती असं मला म्हणायचं नाही, चीवर लागतंच. पण ज्या संघाला शिंगातलं मीठ खटकलं होतं, त्याच्या दाराशी पुढे ‘अक्षय’ हा शब्द पैशाला लागून आला. मिठाला तो कधीच लागला नसता.

नासण्याचा हा धागा सतराव्या शतकातल्या एका इंग्रज तत्त्वज्ञाने फार स्वच्छ पकडला. जॉन लॉकने 1689 साली छापलेल्या राज्यव्यवस्थेवरच्या दुसऱ्या निबंधात मालकीला मर्यादा कोणती, असा प्रश्न घेतला. त्याचं उत्तर असं, की नासण्याआधी जेवढं वापरता येईल तेवढंच माणसाचं. त्यापुढचं दुसऱ्याच्या वाट्याचं. आठवड्यात सडतील असे अलुबुखार देऊन कोणी वर्षभर टिकणारी कठीण कवचाची फळं घेतली, तर त्याने कोणाचं काही बिघडवलं नाही. पण पुढे माणसांनी न सडणाऱ्या धातूला किंमत द्यायचं ठरवलं आणि मर्यादा उठली. कितीही साठवलं तरी काहीच कुजत नाही, मग अन्याय कुठे झाला? लॉकला यात अडचण दिसली नाही, मला दिसते. नासणं हा वस्तूंच्या अंगचा धर्म आहे आणि तोच आजवर लोभाला लगाम घालत आला. लोणच्याच्या बरणीत हा लगाम लांबवलेला आहे, तोडलेला नाही. सात दिवसांची कैरी वर्षभराची झाली, पण पुढच्या वैशाखात नवी कैरी येते आणि बरणी रिकामी करून, धुऊन, उन्हात घालावीच लागते. शंभर माणसांचं लोणचं एकटा माणूस दहा वर्षं खाऊ शकत नाही. शंभर माणसांचा पैसा मात्र एकट्याच्या नावावर कितीही वर्षं निवांत राहतो. मधमाशीच्या दृष्टांतात मला नेहमी हेच अडतं. अवधूताने संग्रहाचं उदाहरण म्हणून घेतला तो मध, आणि मध हा जवळजवळ न नासणारा पदार्थ. दृष्टांत मोहाळाला लागू पडतो, तसाच्या तसा फळीला पडत नाही.

श्रद्धाळू माणूस इथे म्हणेल की हा सगळा वकिली युक्तिवाद झाला; ज्याने चोच दिली तो चारा देईल, मग बरणी कशाला? या आक्षेपाला उत्तर द्यायला गोव्यातलं पुरुमेंताचं फेस्त पुरेसं आहे. येशूने डोंगरावरच्या प्रवचनात पाखरांचं उदाहरण दिलं: ती पेरत नाहीत, कोठारं भरत नाहीत, तरी परमपिता त्यांना पोसतो. हा उपदेश ज्या चर्चमध्ये वाचला जातो, त्या मडगावच्या होली स्पिरिट चर्चच्या फेस्ताला, ऐन पावसाच्या तोंडावर, बाहेर आगोटीचा बाजार भरतो. सुकी मासळी, सुक्या मिरच्या, कांद्याच्या माळा, चिंच, सोलं, गूळ. पुरुमेंत हा शब्दच तरतूद या अर्थाच्या पोर्तुगीज शब्दावरून आलेला आहे. आत पाखरांचा दृष्टांत, बाहेर चार महिन्यांची बेगमी, आणि भाविक दोन्हीकडे त्याच पायांनी जातात. त्यांना हा दुटप्पीपणा वाटत नाही, आणि तो नाहीच. पाखराला कैरी खारवता येत नाही. माणसाला येते, आणि हे येणंही दिलेलंच आहे. शिवाय न साठवणाऱ्याचं न साठवणं कोणाच्या तरी साठ्यावर चालतं, हे आपल्याकडे कधी लपून राहिलेलं नाही. माधुकरी मागणारा ज्या दारात उभा राहतो, त्या दारामागे मडकी भरलेली असावी लागतात. बाकीचे तीन आश्रम गृहस्थावर जगतात, हे स्मृतीही मान्य करते. ती श्रेष्ठपण मात्र रिकाम्या हाताला देते, एवढंच.

यापेक्षा अवघड आक्षेप न्यायाचा आहे. अन्नाचा साठाही लोकांचे प्राण घेतो. दुष्काळात धान्य दाबून ठेवणारे व्यापारी काही सोनं साठवत नव्हते. हे खरं आहे, आणि माझ्या मांडणीला इथे पुरवणी जोडावी लागते. नुसतं नासणं पुरत नाही, साठा उघडावाही लागतो. मराठीने हे आपल्या शब्दांत धरून ठेवलं आहे. जमिनीखालच्या धान्याच्या खड्ड्याला पेव म्हणतात. सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवं तर नावाजलेली. आज आपण ‘शिकवण्यांचं पेव फुटलं’ असं वैतागून म्हणतो, पण दुष्काळात पेव फुटणं म्हणजे काय असेल याची कल्पना करून पाहावी. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा याच जागेवर उभी आहे. कोठार बादशहाचं, उपाशी लोक दारात. दामाजीने कोठार लुटवलं आणि भरपाई करायला विठ्ठल विठू महार होऊन बिदरला गेला. कथेतला चमत्कार बाजूला ठेवला तरी भक्तिपरंपरेने पुण्य कुठे ठेवलं ते दिसतं. कोठार भरणाऱ्याला ती दोष देत नाही. भरलं नसतं तर उघडणार काय? पण भरलेलं बंद ठेवणाऱ्याच्या बाजूने देव उभा राहत नाही. घरातल्या बरणीची रीतही तीच. लोणचं घातलं की वाटीभर शेजारी जातं, लेकीच्या घरी जातं, परगावी शिकणाऱ्या मुलाच्या डब्यात जातं. न वाटलेलं लोणचं फारसं कोणी घालतच नाही.

आता या लेखाला सर्वांत जास्त झोंबणारा आक्षेप. निग्रह, तप, कबुली हे शब्द उच्चारायला सोपे आहेत. वैशाखाच्या उन्हात गच्चीवर कुरडया घालणारे हात बायकांचे होते आणि त्यांना कोणी विचारलं नव्हतं. दुसऱ्यावर लादलेल्या कष्टाला तप म्हणणं ही चलाखी आहे. त्यातच विटाळ आला. पाळी असलेल्या बाईचा हात लागला की लोणचं नासतं, म्हणून जिने वर्षभर ते राखायचं तिलाच चार दिवस फळीपासून दूर ठेवलं. हा समज एकट्या आपल्याकडचा नव्हता. डिप्थेरियाच्या चाचणीला ज्याचं नाव आहे त्या व्हिएन्नाच्या डॉक्टर बेला शिक यांनी 1920 मध्ये मासिक पाळीत एक विष असतं आणि त्याने फुलं कोमेजतात, असं गंभीरपणे मांडलं होतं. ते पुढे टिकलं नाही. लोणचं नासतं ते ओल्या हाताने, आणि ओला हात कोणाचाही, कोणत्याही दिवशी असू शकतो. बरणीचा नियम पाण्याबद्दल होता, तो रक्ताबद्दल करून टाकला. शिळ्याच्या बाबतीत जी चूक आहे तीच ही: खरी अट काळजीची, पण मोजलं जातं दुसरंच काही. म्हणून विटाळाचा नियम मोडला तर साठवणीच्या धर्माला धक्का लागत नाही, उलट त्याला चिकटलेला बुरा निघतो. कष्टाचं मात्र तसं नाही. त्याचं समर्थन मला करता येत नाही आणि मी करणारही नाही. एवढंच नोंदवतो, की त्या ज्ञानाचा मोबदला जिथे मिळाला तिथे चित्र बदललं. 1959 साली गिरगावात सात जणींनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली आणि त्यातून लिज्जत उभं राहिलं. पापड तेच, ऊन तेच. फरक पडला तो हिशोब बायकांच्या हातात आल्याने.

फ्रिज आल्यावर हे सगळं कशाला, असं विचारणाऱ्याशी माझं फार भांडण नाही. दूध, भाजी, औषध यांच्यासाठी तो हवाच. आणि रोज 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते तेव्हा लोणच्याची फोड लहान करायला हवी, हेही मान्य. फक्त फ्रिजला साठवण समजू नये. फ्रिजमध्ये काळ लांबणीवर टाकलेला असतो, बरणीत काळ कामाला लावलेला असतो. फ्रिजमधली उरलेली भाजी चौथ्या दिवशी टाकताना आपण ती चार दिवसांपूर्वीच विसरलो होतो, हे लक्षात येतं. ती थंड होती, एवढंच. झाकून ठेवलेल्या भाताची ही विजेवर चालणारी आवृत्ती आहे. दुकानातल्या बाटलीवर खपण्याची शेवटची तारीख छापलेली असते आणि ती छापायला हवीच. पण तारीख वाचणं हा एक क्षण, आणि दादरा सोडून, खार वर आहे ना ते पाहून, कोरड्या चमच्याने ढवळून पुन्हा बांधणं हा वर्षभराचा सराव. पहिल्यात नाशिवंतपणाची माहिती मिळते, दुसऱ्यात त्याच्याशी ओळख होते.

आणि तरीही माझ्याच मांडणीला न जुमानणारी एक बरणी राहते. पुष्कळ घरांत लिंबाचं जुनं लोणचं असतं, दहा वर्षांचं, कधी वीस वर्षांचं. काळं पडलेलं, फोडींचा लगदा झालेला. ते पुढच्या हंगामात रिकामं होत नाही. ते घालणारी बाई कधीकधी हयातही नसते, म्हणूनच ते संपवायला कोणी धजावत नाही. वर ज्या मर्यादेच्या जोरावर मी साठवणीला परिग्रहापासून वेगळं काढलं, ती मर्यादा इथे दिसत नाही. मग ही बरणी कुठल्या बाजूची? तापाने तोंड मेलेल्या माणसाच्या जिभेवर त्यातलं बोटभर लावतात, तेव्हा ती अजून बरणीच असते. पण घरात कोणी आजारी पडलं तरी, ‘ते नको, आता थोडंच उरलंय’ असं म्हणून दुसरी बाटली उघडली जाते, त्या दिवशी तिची अक्षयनीवी झालेली असते.